एटीला ओके येईना म्हणजे मॉड्यूल मेलं असं नसतं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असंय, की अंबाजोगाईजवळ शेतात बोअरची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायला तुम्ही अर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम चालवायचा छोटा बोर्ड) आणि ईएसपी-०१ (ईएसपी८२६६ चिपचं वायफाय मॉड्यूल) यांचं सर्किट बनवलं, ते चार महिने नीट चाललं, मग कोणीतरी सांगितलं की नवीन एटी फर्मवेअर (म्हणजे 'एटी' नं सुरू होणारे कमांड ऐकणारा मॉड्यूलमधला प्रोग्रॅम) टाकलं की वायफाय सारखं सारखं तुटत नाही, म्हणून तुम्ही अपडेट मारलं, पहिल्यांदा अर्ध्यात अडकलं, दुसऱ्यांदा टूलमध्ये हिरवं 'फिनिश' आलं आणि तेव्हापासून एटी टाइप केलं की उत्तरात 'ओके' यायला पाहिजे, ते काहीच येईना. दुसरं मॉड्यूल आणलं, त्याचीबी तीच गत. आता विचारायलात की तिसरं मागवू का, का माल डुप्लिकेट निघाला.

तिसरं मागवू नका. माझ्या टेबलावर "फर्मवेअर टाकताना मेलं" म्हणून जेवढे पीस येतात त्यातले खरंच मेलेले लई कमी, आणि जे मेलेले असतात ते बहुतेक पाच व्होल्ट थेट दिल्यानं गेलेले असतात, फर्मवेअरनं नाही. कारण असं, की ईएसपी८२६६ चिपच्या आत एक छोटा बूटचा प्रोग्रॅम कारखान्यातच कोरलेला असतो, तो रॉममध्ये आहे, तुम्ही कितीबी चुकीची फाईल टाका, पूर्ण फ्लॅश पुसा, तरी तो पुसला जात नाही. आपण जे टाकतो ते सगळं शेजारच्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये जातं. म्हणजे चिपला करंट बरोबर मिळाला तर ती दरवेळी उठून निदान दोन ओळी तरी बोलतेच. आपण तिच्या स्पीडनं ऐकत नाही एवढंच.

तर पहिलं काम ऐकण्याचं. सिरीयल मॉनिटरचा (मॉड्यूल काय बोलतंय ते लॅपटॉपवर दाखवणाऱ्या खिडकीचा) स्पीड ११५२०० वर ठेवून चालू करताना जो कचरा दिसतो ना, उलटेसुलटे चौकोन, ते खराब फर्मवेअर नाही, ती बूटची ओळ आहे आणि ती ७४८८० स्पीडनं येते. असला विचित्र स्पीड कामून, तर रॉम धरून चालतो की क्रिस्टल ४० मेगाहर्ट्झचा आहे आणि ११५२०० नं बोलायला बघतो, पण या मॉड्यूलवर बसवलेला असतो २६ चा, म्हणून सगळं त्याच प्रमाणात हळू होतं. अर्डुइनोच्या मॉनिटरमध्ये ७४८८० चा पर्याय आहे, तो निवडा, मॉड्यूलचा करंट काढून परत द्या, आणि बघा. 'ईटीएस जान ८ २०१३, आरएसटी कॉज १, बूट मोड (३,६)' अशा धर्तीची ओळ येईल. त्यातली २०१३ ची तारीख बघून एक गिऱ्हाईक माझ्याशी भांडलं होतं की जुना माल विकला म्हणून, तर ती तारीख रॉमची आहे, सगळ्या ईएसपी८२६६ वर तीच येते, तिच्याकडं लक्ष देऊ नका.

लक्ष द्यायचं बूट मोडच्या कंसातल्या पहिल्या आकड्याकडं. ३ असेल तर चिप फ्लॅशमधून प्रोग्रॅम चालवायला बघायलीय, म्हणजे नेहमीचा मोड. १ असेल तर ती फर्मवेअर घ्यायला तयार होऊन बसलीय आणि एटीला कधीच उत्तर देणार नाही, कारण तेव्हा एटीचा प्रोग्रॅम चालूच नसतो. आता सांगा, अपडेट झाल्यावर तुम्ही जीपीआयओ-० ची (ही पिन ग्राउंडला असली की चिप फर्मवेअर घ्यायच्या मोडमध्ये उठते) ग्राउंडला लावलेली वायर काढली होती का? हसू नका, मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ घालवलीय यात. वायर तशीच, 'फिनिश' आलेलं, मी एटी-एटी करत बसलोय आणि घरून फोनवर फोन की जेवण गार व्हायलंय. वायर काढायची आणि मग करंट काढून परत द्यायचा, नुसती वायर काढून भागत नाही, चिप पायांची स्थिती उठतानाच एकदा बघते.

हाच पायांचा हिशोब पूर्ण लक्षात ठेवा: फर्मवेअर टाकताना जीपीआयओ-० ग्राउंडला, जीपीआयओ-२ वर (म्हणजे मोकळा किंवा पुलअपला, म्हणजे रेझिस्टरमधून ३.३ ला), सीएच-पीडी (चिप चालू ठेवणारी पिन) ३.३ व्होल्टला. जीपीआयओ-१५ पण ग्राउंडला लागतो पण ईएसपी-०१ वर तो बोर्डातच जोडलेला असतो. साधं ईएसपी-०१ असेल तर सीएच-पीडीला बाहेरून १० के चा रेझिस्टर लावून ३.३ ला न्यायचा, तो मोकळा सोडला की मॉड्यूल कधी उठतं कधी नाही आणि माणूस फर्मवेअरला शिव्या देत बसतो. शेवटी एस असलेल्या ईएसपी-०१एस वर हे रेझिस्टर आधीच बसवलेले येतात.

आता तुमचं पहिल्यांदा अर्ध्यात का अडकलं. तुम्ही लिहिलंय की मॉड्यूलला ३.३ ऊनोच्या पिनवरून दिला. तिथंच गडबड. ऊनोच्या ३.३ च्या पिनचं अधिकृत रेटिंग ५० मिलीअँप आहे, आणि ईएसपी वायफाय सोडताना १७० च्या आसपास खेचतं, बनवणारी कंपनी स्वतः सांगते की सप्लाय निदान ५०० मिलीअँपचा घ्या. यूएसबी कन्व्हर्टरवरची (लॅपटॉप आणि मॉड्यूल जोडायचा तुकडा) ३.३ ची पिनबी अशीच, सीपी२१०२ ची आतली १०० मिलीअँपची, एफटी२३२ ची ५० ची. यात एक फसवणूक होते ती बघा: फर्मवेअर टाकायच्या मोडमध्ये रेडिओ बंद असतो, त्यामुळं करंट कमी लागतो, कमजोर सप्लायवरबी फ्लॅश बऱ्याचदा होऊन जातं, 'फिनिश' येतं, आणि नेहमीच्या मोडमध्ये उठून रेडिओ चालू झाला की व्होल्टेज बसतं, चिप रीसेट होते, परत उठते, परत बसते. ७४८८० वर तीच बूटची ओळ एकामागं एक छापत राहते. माणूस म्हणतो फाईल खराब. आपल्याकडं डीपीवर लोड आला की मोटार गुरगुरते पण उचलत नाही ना, तसलाच प्रकार, मोटार जळालेली नसते.

मल्टिमीटरवर हे दिसत नाही बरं का. मल्टिमीटर सावकाश सरासरी दाखवतो, त्याच्यावर ३.२८ दिसतं आणि आपण खुश. तो डिप इतक्या कमी वेळाचा असतो की मीटरला कळतच नाही. म्हणून मोजत बसण्यापेक्षा सरळ इलाज करा. पाच व्होल्टचा बरा मोबाईल चार्जर, त्यापुढं एएमएस१११७ चा ३.३ चा छोटा बोर्ड, आणि मॉड्यूलच्या अगदी पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, त्याला समांतर एक १०४ नंबरचा चपटा. कॅपॅसिटर ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही, वायरीतच सगळं जातं. चार्जरबी जरा बघून घ्या, एएमएस१११७ ला आत-बाहेर एक-सव्वा व्होल्टचा फरक लागतो, लातूरच्या गंजगोलाईत गाड्यावर मिळणारे काही चार्जर लोडवर साडेचारच्या खाली येतात, मग पुढं ३.३ कसलं निघतंय. आणि सगळ्याचं ग्राउंड एक, चार्जरचं, कन्व्हर्टरचं, मॉड्यूलचं. ग्राउंडची वायर सगळ्यात आधी जोडायची. शेतातल्या खोलीत अर्थिंगचा पत्ता नसतो, लॅपटॉप चार्जिंगला असला की बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात ते तुम्हाला माहीत असेल, तेच व्होल्टेज आरएक्स (ऐकायच्या) पिनमधून मॉड्यूलमध्ये घुसतं. मी तर फ्लॅश करताना लॅपटॉपचा चार्जर काढूनच ठेवतो.

आरएक्सवरून आठवलं, ऊनोची टीएक्स (बोलायची) पिन पाच व्होल्टची आहे, ती थेट मॉड्यूलला लावलीय का तुम्ही? चार महिने चाललं म्हणताय म्हणजे नशीब चांगलं. दोन रेझिस्टर टाका, ऊनोच्या टीएक्स आणि मॉड्यूलच्या आरएक्समध्ये एक के, आणि आरएक्स ते ग्राउंड दोन के, झालं ३.३ च्या जवळ.

केबलचंबी बघून घ्या, नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात, पोर्टच दिसत नाही. आणि कन्व्हर्टर पीएल२३०३ चा असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावाच्या जागी '२०१२ पासून बंद, सप्लायरशी बोला' असा मजकूर दिसत असेल तर ड्रायव्हरच्या मागं दिवस घालवू नका, सीएच३४० चा घ्या, स्वस्त आहे आणि चालतो. ईएसपी-०१ थेट खुपसायचं जे छोटं यूएसबी येतं ना, त्याच्या साध्या मॉडेलला फ्लॅशचा स्विचच नसतो, त्यात मॉड्यूल टाकून लोक दिवसभर 'कनेक्टिंग'च्या टिंबांकडं बघत बसतात. त्याच्या मागं जीपीआयओ-० आणि ग्राउंडमध्ये एक पुश बटण सोल्डर करायचं, बटण दाबून धरून पोर्टात लावायचं, दोन सेकंदांनी सोडायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

बरं, आता मुख्य भानगड, जी मला वाटतं तुमची खरी आहे. तुम्ही कोणती फाईल टाकली? लिहिलंय की "सगळ्यात लेटेस्ट, २ पासून सुरू होणारी". इथं बरेच जण अडकतात. एटीच्या १.७ पर्यंतच्या आवृत्त्या एका पद्धतीच्या आणि २ च्या पुढच्या दुसऱ्या. २ च्या आवृत्त्या मुळात दोन एमबी फ्लॅशच्या वरूम-०२ मॉड्यूलसाठी म्हणून निघाल्या, तुमच्या काळ्या ईएसपी-०१ वर बहुतेक एक एमबी असते, जुन्या निळ्यावर तर अर्धीच. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट: त्या फर्मवेअरमध्ये एटीची बोलायची जागाच बदललीय. मूळ सेटिंगला एटीचा टीएक्स जीपीआयओ-१५ वर आणि आरएक्स जीपीआयओ-१३ वर असतो. ईएसपी-०१ ला बाहेर आठच पिना, त्यात १३ आणि १५ नाहीतच. म्हणजे फर्मवेअर बसलं, चाललं, आत बसून तुमच्या एटीची वाटबी बघायलंय, पण ज्या दारावर तुम्ही थाप मारायलात ते दार त्यानं बंद करून मागच्या बाजूनं उघडलंय. दोन्ही मॉड्यूलवर सारखंच लक्षण आलं, त्यामुळं माझा संशय इथंच जास्त आहे. दोन पीस एकाच पद्धतीनं मरत नसतात.

खात्री करायची असेल तर कन्व्हर्टरची आरएक्स वायर मॉड्यूलच्या जीपीआयओ-२ ला लावा, स्पीड ११५२००, आणि चालू करा. त्या आवृत्त्यांचा लॉग जीपीआयओ-२ वरून बाहेर येतो. तिथं नीट वाचता येईल असा मजकूर दिसला तर मॉड्यूल ठणठणीत आहे आणि दाराचाच घोळ आहे. तिथंही काही नसेल आणि ७४८८० वर बूट मोड ३ ची ओळ परत परत येत असेल, तर एक तर सप्लाय बसतोय किंवा फाईल फ्लॅशपेक्षा मोठी होती.

यावर उपाय म्हणजे तुमच्या कामासाठी १.७ च्या मालिकेवर परत जाणं, १.७.४ आहे, ते टाका. मोटार चालू-बंद करायला त्याच्यापुढचं काही लागत नाही. नवीन म्हणजे चांगलं हे मोबाईलच्या ॲपला ठीक आहे, शेतात डब्यात बसलेल्या मॉड्यूलला जे चाललंय ते चालू द्यावं असं माझं मत आहे.

टाकायच्या आधी फ्लॅश किती आहे ते मॉड्यूललाच विचारा. पाकिटावर काय छापलंय त्याच्यावर जाऊ नका. ईएसपीटूलमध्ये (लॅपटॉपवरून फर्मवेअर टाकायचा प्रोग्रॅम) फ्लॅश आयडीचा कमांड आहे, तो दिला की मॅन्युफॅक्चरर आणि डिव्हाइस असे दोन आकडे येतात. डिव्हाइसचे शेवटचे दोन अंक बघायचे: १३ म्हणजे ५१२ केबी, १४ म्हणजे एक एमबी, १६ म्हणजे चार एमबी. मॅन्युफॅक्चरर ८५ आला तर ती पुया नावाच्या कंपनीची फ्लॅश, ती लिहिताना बाकीच्यांपेक्षा थोडी वेगळी वागते, जुन्या अर्डुइनो कोरवर (अर्डुइनोमधून थेट ईएसपीवर प्रोग्रॅम लिहायला लागणारं पॅकेज) तिनं लई जणांच्या सेटिंगच्या फायली खराब केल्यात, तशी असेल तर कोर नवीन वापरा.

मग आधी फ्लॅश पूर्ण पुसा. पुसल्यावर एक गंमत होते, पुढचा कमांड दिला की 'टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर' येतं आणि लोक घाबरतात. उघड्या ईएसपी-०१ ला आपोआप रीसेट करणारी वायर नसते, म्हणून प्रत्येक कमांडनंतर जीपीआयओ-० खाली ठेवूनच करंट काढून परत द्यायचा आणि मग पुढचा कमांड. एवढं पाळलं तर ती एरर निम्म्याहून जास्त वेळा गायब होते. उरलेल्या वेळी टीएक्स-आरएक्स उलटे असतात.

एक एमबीसाठी फोल्डर '५१२ अधिक ५१२' वालं घ्यायचं, '१०२४ अधिक १०२४' वालं नाही, ते मोठ्या फ्लॅशचं आहे. बूटची फाईल शून्य पत्त्यावर, यूजर-१ ची १०२४ नाव असलेली फाईल ०एक्स१००० वर, इनिट डेटाची फाईल ०एक्सएफसी००० वर, ब्लँकची फाईल दोन ठिकाणी, ०एक्स७ई००० आणि ०एक्सएफई००० वर. त्याच फोल्डरात रीडमी असते, आवृत्तीप्रमाणं पत्त्यात एखादी भर असू शकते म्हणून रीडमीशी एकदा ताडून बघा. इनिट डेटा लोक सोडून देतात, म्हणतात मेन फाईल टाकली की झालं. पण फ्लॅश पूर्ण पुसल्यावर रेडिओची ती माहितीबी पुसली जाते, आणि मग चालू केल्यावर 'आरएफ कॅल... इज ०एक्सएफएफ' असली ओळ येऊन मॉड्यूल तिथंच गरगरतं. एफएफ म्हणजे कोरी जागा. ती फाईल टाकली की सुटतं.

फ्लॅश मोड डीआउट किंवा डीआयओ ठेवा. क्यूआयओनं थोडा वेग मिळतो पण त्याला फ्लॅशच्या चारही डेटा तारा लागतात आणि स्वस्तातल्या बऱ्याच पीसवर ते जमत नाही, फाईल बरोबर जाते, तपासणीत पास होते, आणि उठतच नाही. स्पीड ११५२०० च्या वर नेऊ नका, ब्रेडबोर्डच्या हातभर वायरीवर ९२१६०० मारून शेवटी 'एमडी५ जुळत नाही' (म्हणजे फाईल जशीच्या तशी पोचली नाही) बघण्यापेक्षा अर्धा मिनिट जास्त लागला तर काय बिघडलं. तरी अडकलं तर ५७६०० करा.

झाल्यावर वायर काढा, करंट काढून द्या, मॉनिटर ११५२०० वर, आणि खालच्या कोपऱ्यात 'बोथ एनएल अँड सीआर' निवडा. हे राहिलं तरी एटीला उत्तर येत नाही, आणि हे राहून गेलेलं असतं हे मी किती वेळा बघितलंय ते सांगत नाही. ओके आलं की एटी+जीएमआर देऊन आवृत्ती बघा. मग लागलीच एटी+यूएआरटी_डीईएफ=९६००,८,१,०,० द्या, कारण ऊनोचं 'सॉफ्टवेअर सिरीयल' (साध्या पिनांवरून बोलायची-ऐकायची सोय) ११५२०० ला नीट ऐकू शकत नाही, अक्षरं गाळतं, आणि तुमचं जे सुरुवातीचं दुखणं होतं ना, "सारखं तुटतं", ते फर्मवेअरचं नव्हतंच असं मला वाटतं, ते या दोन गोष्टींचं होतं, ५० मिलीअँपचा सप्लाय आणि गाळलेली अक्षरं.

एटी+सीआयअपडेट नावाचा एक कमांड आहे, तो इंटरनेटवरून आपोआप अपडेट घेतो, १ ते ४ असे आकडे दाखवत जातो, १ सर्व्हर सापडला, २ जोडला, ३ आवृत्ती मिळाली, ४ अपडेट सुरू. शेतात हॉटस्पॉटवर हा देऊ नका. ४ वर अडकून बसतो, आणि तो काय आवृत्ती आणेल ते आपल्या हातात नसतं.

पुढं कधी ऊनो काढून टाकून थेट ईएसपीवरच प्रोग्रॅम लिहिला, आणि घरी बसून हवेतून अपडेट करायचं ठरवलं, तर दोन गोष्टी. एक, नवीन फाईल जुन्याच्या शेजारी आधी पूर्ण उतरते आणि मग रीस्टार्टनंतर जागेवर कॉपी होते, म्हणजे एक एमबीत तुमचा प्रोग्रॅम निम्म्याहून लहान पाहिजे. उतरताना लाईट गेली तर काही होत नाही, जुनंच चालतं. कॉपीच्या त्या काही सेकंदांत गेली तर मात्र बोअरपर्यंत चक्कर मारावी लागते. शेतीच्या लाईनची लाईट जायची-यायची वेळ तुम्हाला ठाऊकच आहे, तिच्या तोंडावर अपडेट देऊ नका. दोन, वायरीनं प्रोग्रॅम टाकल्यावर एकदा हातानं करंट काढून दिल्याशिवाय पहिलं हवेतलं अपडेट करायचं नाही. नाही तर सॉफ्टवेअरनं रीस्टार्ट मारला की चिप परत फर्मवेअर घ्यायच्या मोडमध्येच जाऊन बसते. माझं एक कंट्रोलर असंच हिंगोलीकडं एका मळ्यात अडकून बसलं होतं, तीन तास उन्हात जाऊन मी फक्त प्लग काढून लावला आणि परत आलो.

आणि हे सगळं करताना स्टार्टरची वायर रिलेपासून काढून ठेवा. मॉड्यूल उठताना त्याचे पाय दोन-चारदा वर-खाली होतात, ऊनोलाबी मधेच काहीतरी उलटसुलट अक्षरं जातात, रिले टकटक करतो, आणि तिकडं कोणी मोटारीपाशी हात घालून बसलेलं असलं तर अवघड होईल.

आज रात्री एवढंच करा, दोन्ही मॉड्यूल आळीपाळीनं चांगल्या सप्लायवर लावा, ७४८८० वर जी ओळ येते ती जशीच्या तशी उतरवून घ्या, जीपीआयओ-२ वर काय दिसतं ते बघा आणि फ्लॅश आयडीचे दोन आकडे लिहा. ते मला कळवा, फाईल कोणती टाकायची ते त्यावरून नेमकं सांगतो.